जुन्या पिकअपचे नवे दिवे

तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या माथ्यापर्यंत पसरलेल्या नंदुरबार जिल्ह्यात दिवसाचा पुष्कळसा व्यवहार रात्रीच वाटेला लागतो. शहादा तालुक्यातील केळी व पपई, नंदुरबारच्या बाजारात उतरावयाची लाल मिरची, धडगाव-मोलगीकडील आमचूर आणि भगर, हा माल ऊन चढण्यापूर्वी ठिकाणी पोहोचावा म्हणून तिन्हीसांजेनंतर किंवा भल्या पहाटे निघतो. तो वाहून नेणारी लहान मालगाडी पिकअप या नावाने सर्वांस परिचित आहे आणि ती पुष्कळदा जुनी असते. तिच्या वाटेत तळोद्याहून धडगावास चढणारा चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीस जाणारा देवगोईचा घाट, शहाद्याहून वर जाणारा तोरणमाळचा घाट, किंवा सुरत-धुळे महामार्गावरील कोंडाईबारीचा घाट यांपैकी एखादा येतोच. घाटात एका अंगास डोंगराची भिंत आणि दुसऱ्या अंगास दरी. अशा जागी गाडीच्या पुढील दोन दिव्यांवर चालकाचा, पाठीमागे हौद्यात बसलेल्या माणसांचा आणि समोरून येणाऱ्या अनोळखी वाटसरूचा जीव अवलंबून असतो.

म्हणूनच जुन्या पिकअपचा मालक एखाद्या फुरसतीच्या दिवशी आपल्याच अंगणात पाना-पेचकस घेऊन हेडलाइट सुधारावयास बसतो. काम दोन-चार तासांचे दिसते. परंतु त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे आणि तो इतिहास ठाऊक नसेल तर हे साधे काम हितापेक्षा अहितच अधिक करते. त्या इतिहासाचे सार थोडक्यात सांगावयाचे तर ते असे: वाटेवरच्या दिव्याची परीक्षा तो किती प्रखर आहे यावरून होत नाही, त्याचा उजेड कोठे पडतो आणि कोठे पडत नाही, यावरून होते. ज्या ज्या काळी या सूत्राचा विसर पडला त्या त्या काळी दिवा सुधारला, पण रस्ता अधिक धोक्याचा झाला.

मोटार येण्यापूर्वी आपल्याकडे रात्रीचा प्रवास मशालीच्या आणि कंदिलाच्या उजेडात होत असे. मेण्यापुढे मशालजी धावे, वरातीपुढे दिवट्या चालत आणि खानदेशातील शेतकऱ्याच्या बैलगाडीखाली, आसाजवळ, एक कंदील झुलत असे. ओगलेवाडीच्या कारखान्यातील प्रभाकर कंदील ज्या पिढीने घरात वापरला, तिच्या डोळ्यांपुढे गाडीखालचा तो हेलकावणारा पिवळा ठिपका अजूनही उभा राहील. वस्तुतः त्या कंदिलाने बैलांस वाट दाखविली असे म्हणता येणार नाही. बैलांस वाट पाठ असे आणि गाडीवान पुष्कळदा झोपलेला असे. तो कंदील होता तो दुसऱ्यासाठी. ‘येथे गाडी आहे’ एवढेच तो सांगे. सारांश, पाहणे आणि दिसणे ही दिव्याची दोन निरनिराळी कामे आहेत आणि गाडीवानाच्या दिव्याकडे त्यांपैकी दुसरेच काम सोपविलेले होते.

मोटारगाडीने हा हिशेब पार बदलून टाकला. बैल ज्या वेगाने चालतो त्या वेगाला खड्डा चार पावलांवर दिसला तरी पुरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी मात्र एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. अडथळा दृष्टीस पडून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला तरी २५ मीटर वाट संपलेली असते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबावयास आणखी वीस-एक मीटर लागतात. म्हणजे चालकास पुढील निदान ४५ मीटर स्वच्छ दिसले पाहिजेत. हा उजेड आणावयाचा कोठून, हा प्रश्न मोटारीबरोबरच जन्मास आला.

प्रारंभीच्या गाड्यांवर घोडागाडीचेच तेलाचे दिवे होते. वाऱ्याने ते विझत आणि उजेड चार हातांपलीकडे जात नसे. त्यांच्या जागी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्बाइडचा दिवा आला. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू उत्पन्न होतो. तो जाळला असता पांढरी, अत्यंत तेजस्वी ज्योत मिळते. तिच्या पाठीमागे घासून चकचकीत केलेली अंतर्गोल पत्र्याची वाटी ठेवली म्हणजे विखुरणारा उजेड एका झोतात गोळा होतो. आजही हेडलाइटच्या मुळाशी हीच वाटी आहे. तिलाच रिफ्लेक्टर म्हणतात. ज्योत वाटीच्या केंद्रबिंदूवर असेल तर झोत सरळ जातो, केसभर सरकली तर तो फाकतो किंवा वरखाली होतो. ही बाब ध्यानात ठेवावयाची, कारण पुढे सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

विजेचे दिवे मोटारीवर प्रथम अमेरिकेत, १८९८ साली, कोलंबिया नावाच्या विजेवर चालणाऱ्या गाडीस मिळू लागले. परंतु त्या काळची नाजूक तार रस्त्याच्या धक्क्यांनी तुटे आणि वीज पुरविणारे यंत्र गाडीवर नसे. १९१२ साली कॅडिलॅक कंपनीने गाडी सुरू करणे, इंजिनात ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच विद्युत्-व्यवस्थेत आणली, तेव्हापासून विजेचा दिवा मोटारीवर कायमचा स्थिरावला. भारतात मोटारगाड्यांसंबंधीचा पहिला सर्वदेशीय कायदा १९१४ साली झाला, त्या वेळी कार्बाइड आणि वीज ही दोन्ही युगे रस्त्यावर एकाच वेळी नांदत होती.

उजेड मिळाला आणि लागलीच दुसरी अडचण उभी राहिली. तोंडातोंडी येणाऱ्या दोन गाड्यांचे चालक एकमेकांच्या झोताने आंधळे होऊ लागले. लख्ख प्रकाशाने दिपलेला डोळा पुनश्च अंधारास सरावण्यास कित्येक सेकंद घेतो आणि तेवढ्यात गाडी पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते. ज्या दिव्याने एकास वाट दाखवावयाची त्यानेच दुसऱ्याची वाट पुसून टाकावी, असा हा विचित्र प्रकार होता. यावर उपाय म्हणून १९१५ साली अमेरिकेतील गाइड लॅम्प कंपनीने झोत खाली वाकविता येईल असा दिवा आणला. परंतु त्यासाठी गाडी थांबवून चालकास खाली उतरावे लागे. १९१७ साली कॅडिलॅकने त्याची कळ गाडीच्या आत आणली. १९२४ साली बायलक्स नावाचा बल्ब निघाला. त्यात एकाच काचेत दोन तारा होत्या, एक दूरच्या झोतासाठी आणि दुसरी खालच्या झोतासाठी. पुढे १९२७ मध्ये पायाने दाबावयाची कळ आली. आपल्याकडील जुन्या जीप आणि मालमोटारी ज्यांनी चालविल्या आहेत त्यांच्या डाव्या पायास ती कळ चांगली परिचयाची आहे. मराठी चालकाने त्या खालच्या झोतास ‘डिपर’ हे नाव दिले आणि मालमोटारीच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ ही अक्षरे इतकी रूढ झाली की ती वाचण्यासाठी इंग्रजी येण्याची गरज उरली नाही. रस्त्यावरील सौजन्याचे हे बहुधा सर्वांत अधिक वेळा रंगविले गेलेले वचन असेल.

उजेड अजिबातच काढून घेतला तर काय होते, याचा दारुण प्रयोग दुसऱ्या महायुद्धाने करून दाखविला. शत्रूच्या विमानांस खूण सापडू नये म्हणून ब्रिटनमध्ये १९३९ च्या सप्टेंबरपासून रस्त्यावरील दिवे मालविण्यात आले आणि मोटारींच्या दिव्यांवर झाकणे बसविण्यात आली. त्या देशात १९३८ साली रस्त्यावरील अपघातांत ६,६४८ माणसे मृत्युमुखी पडली होती. १९३९ साली हा आकडा ८,२७२ झाला आणि १९४१ साली ९,१६९ वर गेला, आणि तोही पेट्रोलच्या टंचाईमुळे वाहतूक घटलेली असताना. भारतातही युद्धकाळात दिव्यांवर काळा रंग चढला आणि १९७१ च्या युद्धाच्या वेळी हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करण्याची आज्ञा पुष्कळांस आठवत असेल. युद्ध संपल्यावरही काचेवर काळा पट्टा किंवा पिवळा रंग देण्याची चाल आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ राहिली. फ्रान्सने तर १९३० नंतरच्या दशकात पिवळ्या दिव्यांचा कायदाच केला आणि तो १९९३ पर्यंत चालविला. या साऱ्या उपायांमागील हेतू चांगला होता. परंतु रंग उजेडाचा काही अंश खातो, त्याची दिशा बदलत नाही. दिपविणारा दिवा पिवळा केला तर तो पिवळेपणाने दिपवितो, एवढेच.

याच सुमारास अमेरिकेत एक वस्तू निघाली, जिचा नंदुरबारच्या पिकअपशी थेट संबंध आहे. १९४० च्या गाड्यांसाठी तेथे सर्व राज्यांनी सात इंच व्यासाचा एकच गोल दिवा प्रमाण मानला. त्यात काच, रिफ्लेक्टर आणि तार ही सारी एकत्र वितळवून बंद केलेली असत; त्यास सील्ड बीम असे नाव पडले. आत धूळ वा ओल शिरत नसे, त्यामुळे चकाकी जात नसे. तार जळाली की अख्खा दिवा काढून नवा लावावयाचा. युद्धानंतर नागरी वापरासाठी निघालेल्या विलीस जीपवर हेच सात इंची दिवे होते. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने चालणाऱ्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर अल्पावधीतच सुटे भाग आणून या जीपची जुळणी आरंभिली. जीपबरोबर तिच्या दिव्यांचे मापही भारतात आले. पुढे जीपच्या सांगाड्यावर प्रवासी गाड्या झाल्या, मालगाड्या झाल्या, आणि डोंगराळ भागात, जेथे एस. टी. दिवसातून एकदोनदाच जाते, तेथे त्या माणसांचाही आधार बनल्या. अशा रीतीने अमेरिकेतील एका ठरावाने निश्चित झालेले सात इंचांचे माप सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पोहोचले. जुन्या, गोल दिव्यांच्या गाडीचे दिवे घरी सुधारता येतात ते या एकसारख्या मापामुळेच.

युरोपाने निराळा मार्ग धरला. तेथे दिवा उघडता येई आणि बल्ब बदलता येई. १९५७ साली तेथे डिपरच्या झोताचा आकारच बदलण्यात आला. समोरच्या वाहनाच्या बाजूस उजेडाची वरची कडा आडवी व खाली ठेवावयाची आणि आपल्या कडेच्या बाजूस ती किंचित वर चढवावयाची, म्हणजे कडेने चालणारा मनुष्य लांबून दिसेल आणि समोरचा चालक दिपणार नाही. दिव्याच्या इतिहासातील ही सर्वांत शहाणपणाची सुधारणा म्हणावी लागेल, कारण तिने उजेड वाढविला नाही, त्यास शिस्त लावली. पण हिच्यामुळेच एक सावधगिरी आवश्यक झाली. भारतात वाहने डावीकडून चालतात, युरोपाच्या बहुतेक देशांत आणि अमेरिकेत उजवीकडून. तिकडच्या रस्त्यांसाठी घडविलेला दिवा इकडच्या गाडीस बसविला तर त्याचा वर चढणारा भाग नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्वस्तात मिळतो म्हणून परदेशी दिवा घेणाऱ्याने तो डाव्या बाजूच्या वाहतुकीचा आहे की नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

त्यानंतर आला हॅलोजन. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून झिजते आणि तिची वाफ काचेवर काळी बसते. बल्ब जुना होतो तसा मंद होतो तो यामुळे. बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन यांचा अंश घातला असता उडालेले टंगस्टन त्याच्याशी संयोग पावून पुन्हा तारेवर येऊन बसते. काच स्वच्छ राहते आणि तार अधिक तापविता येते. मोटारीसाठी असा पहिला बल्ब १९६२ साली युरोपात निघाला. १९७१ साली दोन तारांचा ‘एच-४’ आला. त्यातील खालच्या झोताच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडविते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तेथून तो रस्त्याकडे खाली वळतो. नखाएवढ्या त्या पत्र्यावर समोरच्या वाटसरूची दृष्टी अवलंबून असते. सात इंची सील्ड बीम काढून त्या जागी तितक्याच मापाचा, एच-४ बल्ब बसणारा काचेचा दिवा लावणे, ही जुन्या पिकअपची पहिली आणि आजही सर्वांत भरवशाची सुधारणा होय.

येथे पुष्कळ मालक एक चूक करतात. नवा दिवा बसवूनही उजेड मनासारखा पडला नाही की ६०/५५ वॅटचा बल्ब काढून ते १००/९० वॅटचा लावतात. त्यांचा तर्क सरळ असतो, पण निसर्गाचे गणित वेगळे आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो; म्हणून दुप्पट लांब पाहावयाचे तर उजेड चौपट लागतो, दीडपट वॅटने ते साधत नाही. साधते ते एवढेच की ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर वीज ओढत होते, ते आता सुमारे १७ अँपिअर ओढू लागतात. जुन्या तारा तापतात, होल्डर वितळतो, कळ जळते आणि रिफ्लेक्टरची चकाकी करपते. घाटात ऐन वळणावर दोन्ही दिवे एकदम मालवले गेले तर त्यासारखे संकट नाही.

मंदपणाचे खरे कारण बहुतेक वेळा बल्बमध्ये नसून तारांमध्ये असते. जुन्या गाडीत वीज बॅटरीपासून दिव्यांच्या कळीपर्यंत, तेथून डिपरच्या कळीपर्यंत आणि तेथून पुढे दिव्यांपर्यंत असा लांबचा फेरा घेते. वीस-पंचवीस पावसाळे पाहिलेल्या तारा, गंजलेले सांधे आणि सैल झालेले अर्थिंग यांत तिचा बराच भाग वाटेतच उष्णतेच्या रूपाने नाहीसा होतो. तापलेल्या तारेच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टमध्ये थोडी घट झाली तरी उजेडात मोठी घट येते. बॅटरीवर १३ व्होल्ट असून दिव्यापाशी १२ च पोहोचत असतील तर उजेडाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. ११ च पोहोचत असतील तर दोनपंचमांशाहून अधिक गेला. मीटरची एक तार बॅटरीस आणि एक दिव्याच्या टोकास लावून हा तोटा घरबसल्या मोजता येतो, आणि मोजल्यावाचून एक पैसाही खर्च करू नये हे उत्तम.

त्यावरील उपाय म्हणजे रिले. ही विजेवर चालणारी लहानशी कळ दिव्यांच्या जवळ बसवितात. जुन्या कळीतून तिला चालविण्यापुरती अल्प वीज जाते. दिव्यांसाठी लागणारी मुख्य वीज बॅटरीवरून जाड तारेने थेट रिलेत आणि तेथून बल्बकडे जाते. वरच्या आणि खालच्या झोतासाठी एकेक असे दोन रिले लागतात. मुख्य तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे, कारण फ्यूजच्या अलीकडे तार घासून उघडी पडली तर तिला अडविणारे कोणी उरत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी, अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ करावी, आणि हॅलोजन बल्बच्या काचेस उघडे बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणाने ती काच असमान तापून लवकर फुटते. रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल तर मात्र पुसून भागत नाही, दिवाच बदलावा लागतो. एवढे केले म्हणजे मूळच्या ६०/५५ वॅटच्याच बल्बमध्ये जो फरक पडतो तो पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटते.

आता राहिला आजच्या काळातील मोह, एलईडीचा. डोळ्यास दिसणारा प्रकाश देणारा पहिला तांबडा एलईडी १९६२ साली अमेरिकेत झाला. पण पांढऱ्या उजेडास निळा एलईडी लागे, आणि तो जपानी शास्त्रज्ञांनी साध्य केला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांस त्यासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००७ च्या सुमारास मोटारीचा खालचा झोत एलईडीने पडू लागला. थोड्या विजेत पुष्कळ उजेड आणि दीर्घ आयुष्य हे त्याचे गुण निर्विवाद आहेत. परंतु ज्या गाड्यांत तो शोभला त्यांचे रिफ्लेक्टर आणि भिंगे त्याच्यासाठीच घडविलेली होती. बाजारात मिळणारा एलईडी बल्ब हॅलोजनच्या जुन्या दिव्यात खोचला असता निराळेच घडते. रिफ्लेक्टर हा बारीक, गोल, तापलेल्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चपट्या तुकड्यांना ती जागा आणि तो आकार तंतोतंत साधत नाही. कार्बाइडच्या काळापासून चालत आलेला नियम येथेही लागू पडतो: उगम सरकला की झोत फाकतो. गाडीपुढील चार-पाच मीटर जमीन झगझगीत होते, चालकास पुष्कळ उजेड पडल्याचा भास होतो, आणि त्या जवळच्या झगमगाटाने सावध झालेला डोळा दूरचा अंधार पाहीनासा होतो. उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यास निळसर झाक असली तर तो अधिकच खुपतो. ज्यास एलईडीच हवा त्याने बल्बपुरता बदल न करता मान्यताप्राप्त, डाव्या वाहतुकीसाठी बनविलेला पूर्ण दिवाच घ्यावा.

कायद्याची दृष्टीही अशीच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असे सांगितले आहे की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या बाजूस अर्धा मीटर सरून आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा असेल, त्या मनुष्यास झोताने दिपविता कामा नये, अथवा चालकास झोत तसा वळविता आला पाहिजे. कायद्याने येथे मोजमापासाठी जो मनुष्य कल्पिला आहे तो चालक नव्हे, रस्त्यावर समोर असलेला दुसरा कोणी आहे. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मूळ रचनेविरुद्ध केलेल्या बदलांस मज्जाव करते.

नवा दिवा बसविल्यावर काम संपले असे समजणे म्हणजे बंदूक विकत घेऊन नेम न धरण्यासारखे आहे. गाडी सपाट जागी, भिंतीसमोर १० मीटरांवर उभी करावी. चाकांत हवा योग्य असावी. दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडावी. डिपर लावला असता उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. अंगण लहान असून ५ मीटरच जागा असेल तर ५ सेंटिमीटर. दिव्याभोवतीच्या स्क्रूंनी हे साधते. प्रवासी मोटारीस एवढे पुरते. पिकअपची गोष्ट वेगळी आहे. ती रिकामी असताना एक आणि भरलेली असताना दुसरीच गाडी असते. हौद्यात मिरचीची पोती पडली की पाठीमागील पाटे दबतात आणि नाक वर होते. मागील बाजू पुढच्यापेक्षा ५ सेंटिमीटर अधिक खाली बसली आणि दोन चाकांमधील अंतर अडीच मीटर असले, तर झोत शंभरास दोन या प्रमाणात वर उचलला जातो. मीटरास एक सेंटिमीटर खाली लावलेला दिवा आता तितकाच वर पाहू लागतो आणि ५० मीटरांवर त्याची कडा दिव्याच्या उंचीहून अर्धा मीटर वर, म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या चेहऱ्यावर पडते. यास्तव पिकअपचा नेम नेहमीचे ओझे भरूनच धरावा. रिकाम्या फेरीत उजेड थोडा जवळ पडेल, पण तेवढ्याने कोणाचा घात होणार नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की शहाद्याकडील रस्त्यांवर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या पुन्हा दिसू लागतात. आसाखालचा कंदील आता बहुतेक ठिकाणी नाही. त्याच्या जागी गाडीच्या पाठीमागे, बोलीत ज्यास रेडियम म्हणतात, ती चकाकणारी पट्टी असते. या पट्टीस स्वतःचा उजेड नाही. तिच्यावर पडलेला प्रकाश ती आला तसा परत पाठविते. पूर्वी गाडीवान आपला दिवा आपण बाळगीत असे. आज तो आपले दिसणे सर्वस्वी पाठीमागून येणाऱ्याच्या दिव्यावर सोपवून निश्चिंत बसलेला असतो. पिकअपचा दिवा मंद असेल तर ती पट्टी पेटत नाही, आणि समोरच्या एखाद्या गाडीच्या उधळ्या झोताने पिकअपचा चालकच दिपला असेल तर ती पेटूनही दिसत नाही.

तेव्हा अंगणात बसून जुन्या गाडीचे दिवे सुधारणारा मनुष्य केवळ आपली सोय पाहत असतो असे समजणे बरोबर नाही. त्याने जाड तार घातली, योग्य बल्ब लावला, भिंतीवर रेघ ओढून झोत बोटभर खाली आणला, तर त्याचा लाभ अशा माणसांस मिळतो की ज्यांची व त्याची ओळखही नाही: उसाच्या गाडीवरील गाडीवानास, घाटातून पायी उतरणाऱ्या मजुरास, वळणापलीकडून चढ चढत येणाऱ्या दुसऱ्या चालकास. अरुंद डोंगरी वाटेवर चढणाऱ्या वाहनास आधी जाऊ द्यावे, असा नियम आहे. तो पाळावयाचा तर उतरणाऱ्याने थांबले पाहिजे आणि थांबताना डिपर दिला पाहिजे. चढणाऱ्यासही त्या क्षणी रस्त्याची कड आणि दरीची कड यांतील भेद दिसला पाहिजे. हे जेथे घडते तेथे दिव्याची सुधारणा खरोखर झाली, असे म्हणावे.